तिखट खाणारी गौर

आमच्या घरची गौर मटण खाते. हे वाचून ज्यांना मळमळतं त्यांनी पान उलटावं, माझी हरकत नाही. मी कुणाची समजूत काढायला बसलेलो नाही.

म्हैसुरात आमच्या किती पिढ्या झाल्या ते मला सांगता यायचं नाही. माझी शाळा कानडीत झाली आणि तीही तिसरीत सुटली. मराठी अक्षरं मी विठ्ठलाच्या भजनाला वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकलो, आणि मग जन्मभर शिवणाची मशीन चालवली. म्हणून माझी मराठी नव्याने आलेल्या लोकांना गमतीची वाटते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुण्याकडचा एक जण राहायला आला आहे. मला म्हणतो, "काका, तुम्ही मराठी छान जपलीय हो." जपली म्हणे. मी काय ती लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली होती? बोलतो म्हणून आहे.

हाच माणूस मला विचारतो, "विठ्ठलाचे भक्त तुम्ही, आणि गौरीला मटण?" एकादशीला आम्ही चहासुद्धा विचार करून पितो. पण विठ्ठल विठ्ठलाच्या जागी, गौर गौरीच्या जागी. एका घरात दोन माणसांचं जेवण वेगळं असू शकतं, तर देवांचं का नसावं?

आमच्याकडे आधी गणपती बसतो आणि मागून गौर येते, अनुराधा नक्षत्रावर. ज्येष्ठेवर ती जेवते, मुळावर जाते. इथल्या कानडी घरांत उलटं. त्यांची गौर गणपतीच्या आदल्या दिवशीच येऊन बसते. आमच्या आईची गोष्ट अशी होती की गौर ही माहेरी आलेली पोर. तिचं सासर कसलं, तर बर्फाचा डोंगर. नवरा अंगाला राख फासून डोळे मिटून बसलेला, घरात धड चूल नाही. आई विचारायची, "अशी पोर वर्षाने घरी आली तर तिला काय वाढशील? वरणभात?" शिवाय तिच्या मागोमाग शंकर येतो, कुणी न बोलावता. जावई तसेच असतात. त्याच्याबरोबर त्याची सगळी भुतावळ. ती काही पुरणपोळीवर भागत नाही. म्हणून आमच्यात आधी पुरणाचं ताट दाखवायचं आणि मग तिखटाचं. तिखटाचं म्हणजे मटणाचं, आमच्या बोलण्यात.

पण शेजारी गणपती बसलेला असतो, आणि तो पडला मोदकाचा माणूस. लेकासमोर आई मटण कशी खाईल? म्हणून त्या ताटाच्या वेळी दोघांच्या मध्ये पडदा धरायचा. लाल कापडाचा, चारी बाजूंनी दुमडलेला, मी शिवलेला. घरच्या नवरा-बायकोने त्याची दोन टोकं धरायची, गौरीचं जेवण होईपर्यंत. धरायचा, टांगायचा नाही, असा आईचा दंडक. टांगलेला पडदा म्हणजे न्हाणीघर, म्हणायची.

माझ्या बायकोने ते दुसरं टोक लग्नाच्या वर्षापासून धरलं. ती उंचीला कमी, त्यामुळे तिच्या बाजूला पडदा उतरायचा. दर वर्षी मी म्हणायचो, "वर धर, गणपती बघतोय." दर वर्षी ती म्हणायची, "बघू दे. मोठा झाला आता."

ती गेली तेव्हा वर्षाचं होईपर्यंत सण नव्हता. गौर पेटीतच राहिली. तेवढं चालतं. पण दुःखाचं वर्ष सरल्यावर जो पहिला भाद्रपद येतो, त्यात गौर उभी राहिली नाही तर ती मोडली. आणि मोडलेली गौर मनात आलं म्हणून परत उभी करता येत नाही. त्याच दिवशी घरात मूल जन्माला यावं नाहीतर गोठ्यात गाय व्यावी, तरच. माझ्याकडे गोठा नाही. मुलाला एक मुलगी आहे, आणि एक पुरे असं नवरा-बायकोने ठरवून टाकलेलं आहे. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि गौर आणायची घरच्या सुवासिनीने, ओटी भरायची सुवासिनीने. माझ्या घरात आता सुवासिनी एकच, ती म्हणजे सून, आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, विजयनगरात.

मुलगा कडकोळच्या एका कारखान्यात साहेब आहे. बायको त्याने स्वतः शोधली. तिच्या माहेरचे सोसलेकडचे, मठाच्या सावलीत वाढलेले, कांदा-लसूण उंबऱ्याच्या बाहेर. माझी त्या लग्नाला हरकत नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायची वेळ आली नाही.

यंदा श्रावण सरता सरता मुलाचा फोन आला. "अप्पा, यंदा गौर आमच्याकडे. पेटी घेऊन या." मला वाटलं, पोराला उमगलं. मी पेटी उघडली. पितळी मुखवटा चिंचेने घासला, गौरीचं कापसाचं अंग उन्हात घातलं. ते अंगही मीच शिवलेलं आहे, खांद्याला जरा उतार देऊन, म्हणजे पदर नीट बसतो. पडद्याला इस्त्री केली. गणपतीच्या आदल्या दिवशी रिक्षाने विजयनगरला गेलो.

दार उघडलं तर समोर त्यांची गौर बसलेली. टीचभर उंचीची, हळदीने पिवळी, गळ्यात मोगरा. सोफ्यावर व्याही बसलेले. कॉलेजात शिकवून रिटायर झालेला माणूस, शिकवायची सवय अजून गेलेली नाही. कानडीत व्याह्याला बीगरु म्हणतात. ते मला हाक मारून म्हणाले, "या बीगरे, या! गौरम्मा सकाळीच आल्या."

"तुमच्या आल्या असतील. आमची पेटीत आहे."

"तुमची अजून यायची आहे? उद्या गणपती येऊन आईला घेऊन जाणार की. शिवाने पाठवलेला असतो त्याला, न्यायला."

मी म्हटलं, "म्हणजे पोर माहेरी येऊन जेवली नाही तोवर सासरहून माणूस हजर? असल्या सासरी आम्ही पोर दिली नसती."

ते हसले. "आणि तुमच्यात मुलगा आधी येतो, आई मागून. तो आजोळी एकटा बसून करतो तरी काय?"

"मोदक खातो. त्याला कुणी शिकवायला बसत नाही, म्हणून सुखात असतो."

इथपर्यंत हसणं चाललं होतं. मग सून स्वयंपाकघरातून आली. मला ती मावा म्हणते, कानडी पद्धतीने. तिची मराठी थोडकी आहे पण खोटी नाही. म्हणाली, "मावा, तुमची गौर पण मी बसवते. तेरडा सांगून ठेवलाय. होळिगे माझी अम्मा करणार."

होळिगे म्हणजे आमची पुरणपोळी. मी म्हटलं, "आणि तिखट?"

मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला.

"मटन बेड, मावा," सून म्हणाली. "तेवढं नको. बाकी तुम्ही सांगाल ते सगळं."

मुलाने मोबाइलमधून मान न काढता तोड काढली. "अप्पा, मिरचीची भजी ठेवू या. तिखटाच्या नावाने. देवाला भाव लागतो."

मिरचीची भजी. शंकराच्या भुतांना. हाच मुलगा लहानपणी गौरीच्या ताटातली नळी आपल्याला मिळावी म्हणून पडद्याखालून हात घालायचा. आणि आता शनिवारी मित्रांबरोबर नंजनगूड रस्त्याच्या ढाब्यावर बिर्याणी खातो. त्या दिवशी मी हे बोललो नाही. इथे लिहितो.

व्याही घसा साफ करून म्हणाले, "बीगरे, देवी सात्त्विक असते. तिला रक्तमांस कशाला? तुमच्या वाडवडिलांना नीट सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून चालत आलं. त्यांचा दोष नाही."

माझ्या वाडवडिलांना माफ करून टाकलं त्यांनी. सोफ्यावर बसून, पायावर पाय टाकून.

मी म्हटलं, "स्वामी, ह्या गावाचं नाव पडलं महिषासुरावरून. त्याला जिने मारलं ती चामुंडी वर डोंगरावर बसली आहे. तिने त्याला काय मिरचीची भजी खायला घालून मारलं?"

"ती लढाई होती. हे जेवण आहे."

"लढून आलेली बाई जेवत नाही का?"

ते बोलायला लागले तेवढ्यात सूनच पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "मावा, तुमच्या देवीचं खरं असेल. माझ्या अप्पांचंही असेल. पण हे स्वयंपाकघर माझं आहे. इथे ते शिजणार नाही."

"मग इथे ती उपाशी बसणार नाही," मी म्हटलं, आणि पेटी उचलली.

मुलगा उठला. "अप्पा, तमाशा नको हां."

"तमाशा कसला? पाहुणीला घेऊन चाललोय, जिथे तिला जेवायला मिळेल तिथे."

लिफ्ट यायला वेळ लागत होता. मी जिन्याने उतरलो. पेटी जड होती, पण मागून येऊन कुणी धरली असती तर मी सोडली नसती.

त्यानंतर मुलाचे फोन आले. मी घेतले नाहीत. गणपती त्यांच्याकडे बसला. माझ्याकडे देव्हाऱ्यातला पितळी गणपती होता, त्यालाच मी दोन दूर्वा जास्त वाहिल्या.

गौर यायच्या दिवशी सकाळी बाजारातून तेरड्याची रोपं आणली. आता दारातून आत कोण आणणार? आमच्या मंडी मोहल्ल्यात एके काळी आमच्यातली एवढी घरं होती की गौर येताना गल्लीत ताम्हन-पळीचा नाद मावत नसे. आता सगळे लेआउटमध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत गेले. पुतणी बेंगळुरूला. म्हटलं, सुवासिनी नाही तर नाही, गौर तर आली पाहिजे. मीच आणणार.

आधी पावलं काढायची. कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून तिच्या कडेचा ठसा उमटवायचा आणि बोटाने वर पाचही बोटं टेकवायची. बायकांच्या मुठीची पावलं नाजूक येतात. माझी मूठ शिंप्याची, कात्री चालवून चालवून रुंद झालेली. समोरच्या घरातली म्हातारी कट्ट्यावर बसून सगळं बघत होती. कानडी बाई, माझ्याच वयाची, जिभेला हाड नाही.

"अय्यो स्वामी, ही गौर येतेय का दसऱ्याचा हत्ती?"

"हत्तीही लक्ष्मीचाच असतो," मी म्हटलं.

"पुरुषाने आणली तर मिशा फुटतील हो तिला!"

"फुटू देत. तरी तुमच्यापेक्षा बरी दिसेल."

ती खूश झाली. तिला भांडायला रोज माणूस लागतो.

गौर आत येताना उंबऱ्यावर सवाल-जवाब असतो. बाहेरून हातात गौर घेतलेली बाई म्हणते, गौर आली. आतली विचारते, कशाच्या पावलांनी? बाहेरची सांगते, सोन्याच्या पावलांनी. पुन्हा आतली विचारते, बाहेरची सांगते, धनधान्याच्या पावलांनी. माझ्याकडे आत कुणी नव्हतं. मी तेरडा ताम्हनात घेऊन बाहेर उभा राहून म्हटलं, "गौर आली." मग ताम्हन तसंच हातात धरून आत गेलो, वळलो, विचारलं, "कशाच्या पावलांनी?" पुन्हा बाहेर आलो, सांगितलं. शाळेतून घरी येणारी पोरं थांबून बघत होती. पुण्याचा तो माणूस मोबाइलवर फोटो काढायला लागला. मी त्याला म्हटलं, "जपून ठेवा." त्याने मोबाइल खिशात घातला.

अंग उभं केलं, मुखवटा बसवला, साडी नेसवली. ते मला जमलं. निऱ्यांना हात लावल्याबरोबर त्या माझं ऐकतात.

दुसऱ्या दिवशी मटण. खाल्लं होतं, शिजवलं कधीच नव्हतं. बायकोचा मसाला तिच्याबरोबर गेला. मी आठवेल तसं वाटलं, खोबरं जरा करपलं, मटण वातड राहिलं. गौरीने तक्रार केली नाही. होळिगे दुकानातून आणल्या, त्या मात्र चांगल्या होत्या. पुरणाचं ताट झालं. मग तिखटाचं ताट हातात घेतलं आणि पडदा उचलला, तेव्हा ध्यानात आलं की मला हात दोनच आहेत. समोरच्या म्हातारीला बोलावलं तर तिने कानांना हात लावले, विधवेने असल्या कामात यायचं नसतं म्हणाली. शेवटी देव्हाऱ्यापुढे दोन खिळे ठोकले आणि पडदा टांगला. आईने काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. तिने यावं आणि एक टोक धरावं.

ताट दाखवून झालं. राहिली ओटी. जेवलेल्या माहेरवाशिणीला रिकाम्या पदराने पाठवत नाहीत, आणि ओटी पुरुषाने भरायची नाही. पावलं मी काढली, गौर मी आणली, तेवढं गौर सांभाळून घेईल. पण ओटीवाचून गेलेली गौर परत येत नाही. म्हणजे उभी करूनही ती मोडलीच. सुनेला फोन करायचा तर माझ्याच्याने होणार नव्हतं. मी मशीनपाशी जाऊन बसलो. चालवायला काही नव्हतं, नुसता पाय पायटीवर ठेवून बसलो.

दुपारी दाराशी स्कूटर थांबली. सून. एकटी. अंगावर रेशमी साडी, हातात सूप, सुपात नारळ, तांदूळ, खण, बांगड्या, विड्याची पानं. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"शिजवलं का, मावा?"

"वास येत नाही का?"

"गल्लीच्या तोंडापासून येतोय."

"मग कशाला आलीस?"

"तुमच्यासाठी नाही आले. अत्तेंना शब्द दिला होता." सासूला ती अत्ते म्हणायची. "ओटीचा दिला होता. मटनाचा नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारता?"

ह्याला उत्तर होतं, पण तिने पाय धुतले आणि आत आली. नाकाला पदर. देव्हाऱ्यापुढचा पडदा बघितला. "हे काय?"

"गणपतीने बघू नये म्हणून."

"आणि वास? एवढी मोठी सोंड आहे त्याला."

"त्याला सवय आहे. तुझ्या माहेरच्यांसारखी नाटकं नाहीत त्याची."

तिने सूप गौरीपुढे ठेवलं आणि एका हाताने पदर नाकाशी धरून दुसऱ्या हाताने तांदूळ घ्यायला लागली. मी म्हटलं, "ओटी दोन हातांनी भरतात."

तिने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की तिच्या बापाला ते जन्मात जमलं नसतं. मग पदर सोडला, श्वास कोंडून धरला आणि दोन्ही हातांनी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, सगळं नीट, घाई न करता. तोंड लाल झालं होतं. हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला, आणि धावत बाहेर जाऊन गटाराच्या कडेला ओकली.

समोरची म्हातारी कट्ट्यावरून उठली. "काय गं, गोड बातमी का?"

"मटन!" सून वाकलेलीच ओरडली.

मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तिने चूळ भरली, तोंड धुतलं, तांब्या माझ्या हातात परत दिला. मी आभार मानले नाहीत. आपल्या घरच्या गौरीची ओटी भरल्याबद्दल सुनेचे आभार कशाचे मानायचे? तिनेही वाट बघितली नाही.

"ऐका मावा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी गौर मी आणणार. इथेच, ह्या घरात. पावलं पण मी काढणार. ही काय पावलं आहेत!"

"चांगली आहेत."

"मटन मी येण्याच्या आधी. शिजवायचं, दाखवायचं, सगळी भांडी घासून खिडक्या उघडून ठेवायच्या. मग मी ओटीला येणार."

"आणि पडद्याचं दुसरं टोक कोण धरणार?"

"तुमचा मुलगा."

"त्याला विचारलंस?"

"त्याला कोण विचारतंय?"

इथवर ठीक होतं. पण मी सरळ सांगितलं, "भांडी मी घासणार नाही. मटणाची भांडी रात्रभर भिजत ठेवायची, सकाळी घासायची, अशी रीत आहे आमच्यात."

"अशी रीत नाही. अत्ते लगेच घासायच्या."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही जेवून झोपायचात, मावा. मी बघितलंय." आणि तिने स्कूटर चालू केली.

गौर मुळावर गेली, भरल्या ओटीने. मोडली नाही. ह्याचं श्रेय व्याह्यांनी घेतलं असं कानावर आलं. माझ्या मुलीचं मन मोठं, असं चार लोकांत सांगतात. सांगू देत.

आता सून दर दोन-चार दिवसांनी फोन करते. आधी माझी तब्येत विचारते, मी बरी आहे म्हणतो. मग विचारते, "भांडी?"

मी नाही म्हणतो. ती फोन ठेवते.

भाद्रपद अजून लांब आहे. भांडी घासायला मी अजून हो म्हटलेलं नाही.